गाडीतला रेडिओ खरखरतो? आधी आवाज कुठून शिरतो ते पकडा

बोनेट उघडण्याआधी इंजिन बंद ठेवून नुसता रेडिओ लावा. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी, तेही मध्यम लहरींवर (एएम, म्हणजे मीडियम वेव्ह). आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झ ऐकताना ठिणगीची खरखर जेवढी जाणवते तेवढी एफएमवर जाणवत नाही. इंजिन बंद असूनही सेकंदा-सव्वा सेकंदाला टक-टक येत असेल तर दोष गाडीचा नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर लावलेलं, तारेत विजेचे झटके सोडणारं झटका मशीन याच तालावर चालतं. सलग घरघर असेल तर वरून गेलेली ११ केव्हीची लाइन किंवा जवळच्या सौर पंपाचा कंट्रोलर असू शकतो. गाडी दोन-तीनशे मीटर पुढे नेऊन पुन्हा ऐका.

आता इंजिन चालू करा. एक्सिलेटर दाबल्यावर शिट्टी चढत असेल तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर. टक-टक वेगाबरोबर वाढत असेल आणि गाडी पेट्रोलची असेल तर स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी पाहा. बोलेरो किंवा ट्रॅक्टर डिझेलचा असेल तर प्लग शोधत बसू नका, त्यात ठिणगीच नसते. वेगाशी संबंध नसलेला आवाज बहुतेक वेळा मोबाइल चार्जर, एलईडी हेडलाइट किंवा जीपीएस ट्रॅकरचा असतो. एकेक काढून पाहा. स्वस्त यूएसबी चार्जर पहिला काढा.

मग रेडिओच्या मागून अँटेनाची पिन उपसा. खरखर थांबली तर ती अँटेनातून येत होती, राहिली तर सप्लायमधून किंवा अर्थिंगमधून. खात्रीसाठी रेडिओला फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवून पाहा. हे न करता बाजारातला 'नॉइज फिल्टर' घेतला तर पैसे गेलेच समजा.

अँटेनातून येत असेल तर मल्टिमीटर लावा. पिनची बाहेरची रिंग आणि गाडीची बॉडी यांच्यात १ ओहमपेक्षा कमी यायला हवं. जास्त आलं तर अँटेनाच्या बुडाशी गंज किंवा रंग असतो. पॉलिश पेपरने पत्रा उघडा करून नट कसा.

सप्लायमधून येत असेल तर इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी साफ करा किंवा बदला. बॅटरीवर मीटरच्या एसी स्केलवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) तपासून घ्या. कंडेन्सर लावून तो दोष जात नाही. (इथे २५-३० व्होल्ट दाखवणारं मीटर या कामाचं नाही, ते डीसीच मोजतंय.) डायोड ठीक असेल तरच बी-प्लस (अल्टरनेटरवरचा, बॅटरीकडे जाणाऱ्या जाड वायरीचा टर्मिनल) आणि अल्टरनेटरच्या बॉडीमध्ये १०० व्होल्टचा, ०.५ ते २ मायक्रोफॅरडचा सप्रेसर कंडेन्सर लावा, तोही इंजिन बंद करून, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून. चालू इंजिनवर टर्मिनल काढलं तर व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळू शकतो.

पेट्रोल गाडीत प्लगच्या नंबरमध्ये 'आर' हवा; त्यात साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. प्लगच्या वायरी तांब्याच्या साध्या टाकल्या असतील तर कार्बन कोरच्या टाका. चार्जरची वायर फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या काळ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून चार्जरजवळच तीन वेळा फिरवली तर एका वेढ्याच्या जवळपास नऊपट रोध मिळतो.