स्थानिक फाउंडेशनकडे अनुदानाचा अर्ज करताय? आधी अंदाजपत्रक करा

अनुदानाच्या अर्जाबद्दल कुणालाही विचारा, "भाषा प्रभावी ठेवा" हाच सल्ला आधी मिळतो. पंधरा वर्षं मी छोट्या संस्थांचे अर्ज लिहितेय. भाषेमुळे नाकारला गेलेला एकही अर्ज मला आठवत नाही. अर्ज पडतात ते अंदाजपत्रकावर. त्याहून वाईट म्हणजे काही अर्ज चुकीच्या अंदाजपत्रकासकट मंजूर होतात आणि मग संस्था वर्षभर ते निस्तरत बसते. म्हणून बाकीच्या पायऱ्या मी भराभर सांगते आणि अंदाजपत्रकापाशी थांबते.

१. कागदपत्रं

नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी नोंदणी), 80जी (देणगीदाराला करसवलत देणारी), दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरचा संस्थेचा नोंदणी क्रमांक), तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये असेल असं धरते. कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चातून, पैसे हवे असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी लागते. 1 एप्रिल 2021 पासून या नोंदणीशिवाय कंपनीला तुमच्यामार्फत सीएसआरचा खर्च करता येत नाही. संस्था कंपनीने स्वतः स्थापन केलेली नसेल तर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो.

महाराष्ट्रातल्या न्यासांचं एक ठरलेलं दुखणं आहे. विश्वस्त बदललेले असतात, पण धर्मादाय कार्यालयात त्या बदलाचा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दिलेला नसतो. त्यासाठी मुदत बदल झाल्यापासून 90 दिवसांची आहे. अर्जावर सही एकाची आणि शेड्यूल वनच्या (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीच्या) उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, असं दिसलं की फाइल तिथेच थांबते. आधी हे निस्तरा.

२. कुणाकडे मागायचं

जवळच्याकडे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची असते आणि ती करताना आपलं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. त्यामुळे राजधानीतल्या मोठ्या नावामागे धावण्यापेक्षा तुमच्या तालुक्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचं फाउंडेशन आणि गावातले जुने सार्वजनिक न्यास आधी बघा. कंपनीच्या संकेतस्थळावर सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प दिलेले असतात. ते वाचल्याशिवाय अर्ज करू नका. वर्धापनदिन, मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा अशा एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांसाठी सीएसआरमधून मागू नका, तो खर्च त्यात सहसा धरला जात नाही. अर्ज पाठवण्याआधी एक फोन करून "या विषयावर यंदा विचार होणार आहे का?" एवढं विचारून घ्या.

३. मजकूर

गरज एका परिच्छेदात, काम दोन परिच्छेदांत. देशभरची आकडेवारी नको, तुमच्या सहा वस्त्यांची द्या. "सर्वांगीण विकास" आणि "सक्षमीकरण" हे शब्द गाळा आणि त्या जागी वर्षअखेर नेमकं काय झालेलं असेल ते लिहा.

४. अंदाजपत्रक

काही वर्षांपूर्वी आम्ही सहा वस्त्यांमध्ये संध्याकाळच्या अभ्यासवर्गांसाठी अर्ज केला. "पगार दाखवू नका, फाउंडेशनला आवडत नाही. वस्तू दाखवा," असं एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं. सतरंज्या, खडूने लिहायचे फळे, पुस्तकं, दप्तरं, सौर दिवे अशा नीट याद्या केल्या. वर्ग घेणाऱ्या ताईंचं मानधन "संस्थेचा वाटा" म्हणून दाखवलं, आणि तो वाटा आमच्याकडे नव्हताच. अनुदान मंजूर झालं, पेढे वाटले गेले. पाचव्या महिन्यात दोन ताईंनी काम सोडलं, सातव्यात तिसरीने. दोष त्यांचा नव्हता, त्यांनाही घर चालवायचं होतं. दप्तरांच्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या त्या सदरात, पैसे पडून होते, पण ते मानधनाकडे वळवायची परवानगी मिळाली नाही. तीन वस्त्यांमध्ये सौर दिवे आले आणि वर्ग बंद पडले. त्या मुलांना काय उत्तर द्यायचं, हे मला आजही सुचत नाही.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: काम माणसं करतात, म्हणून अंदाजपत्रकात आधी माणसं येतात. त्यांचे पैसे लपवायचे नाहीत, कमी करायचे नाहीत, दुसऱ्या हेडमध्ये घालायचे नाहीत.

करायचं कसं? अर्जाचा फॉर्म बाजूला ठेवा. कोरा कागद घ्या आणि कार्यक्रमाचा एक आठवडा लिहून काढा. सोमवारी कोण कुठे जातं, कशाने जातं, किती वेळ थांबतं, वर्गात काय वापरलं जातं, हजेरी कोण भरतं, ती ऑफिसात कोण नोंदवतं. खर्च या आठवड्यातूनच निघतो. मागच्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर दहा टक्के चढवणं म्हणजे मागच्या वर्षीच्या चुकाही दहा टक्क्यांनी वाढवणं.

मग प्रत्येक ओळ संख्या, दर आणि महिने अशी फोडून लिहा. "मानधन: 3,30,000" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला ती रक्कम मोठी वाटते. "6 शिक्षणताई × 5,000 रुपये × 11 महिने = 3,30,000" असं लिहिलं की तीच रक्कम त्याला कमी वाटू लागते. 11 महिने का, तर एक महिना वर्ग बंद असतात, हे शेऱ्याच्या रकान्यात लिहा. प्रवासही तसाच: पर्यवेक्षकाच्या महिन्याला 24 भेटी, जाऊन-येऊन सरासरी 18 किलोमीटर, किलोमीटरला 5 रुपये, म्हणजे महिन्याला 2,160 रुपये. दर कुठून आला असं विचारलं तर दाखवायला तुमच्या संस्थेचा प्रवासभत्त्याचा ठराव हवा. नसेल तर पुढच्या बैठकीत करून घ्या.

यानंतरचा प्रश्न ऑफिसच्या खर्चाचा, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले याच ठिकाणी मिळतात. "सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय, फाउंडेशनच्या अधिकाऱ्यांकडूनसुद्धा. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे आणि ती कंपनीच्या वर्षभराच्या एकूण सीएसआर खर्चावर मोजली जाते. काम राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च त्या व्याख्येत येत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. ते परिपत्रक छापून फाइलला लावा. एखाद्या फाउंडेशनने स्वतःच्या धोरणात कमी मर्यादा ठेवली असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. पण ती अट त्यांची आहे, कायद्याची नाही, हे ठाऊक असेल तर तुम्हाला बोलता येतं.

तरीही अर्जात "प्रशासकीय खर्च: 10 टक्के" अशी ओळ लिहू नका. ती आळशी ओळ आहे, आणि काटछाट करायची वेळ आली की आधी तीच जाते. त्याऐवजी खर्च उलगडून दाखवा. हिशेबनिसाचा या प्रकल्पासाठी लागणारा वेळ आठवड्यातून एक दिवस असेल तर त्याच्या पगाराचा तेवढाच हिस्सा घाला. समन्वयकाचा निम्मा वेळ जात असेल तर निम्मा पगार घाला, पण उरलेला निम्मा दुसऱ्या फाउंडेशनकडून पूर्ण पगार म्हणून घेऊ नका. एकच पगार दोन ठिकाणी दाखवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. एक दिवस ऑडिटमध्ये ते बाहेर येतं आणि त्या संस्थेसोबत गावातल्या बाकीच्या संस्थांवरचाही विश्वास उडतो.

स्वयंसेवकांच्या तासांना फुगवलेले दर लावून "संस्थेचा वाटा" मोठा करायचा मोह टाळा. वाटा खरा असेल तरच लिहा: समाजमंदिर मोफत मिळत असेल तर तेवढं, कुणी देणगी कबूल केली असेल तर तेवढी.

शेवटी दोन पेनं घ्या. लाल पेनाने मजकुरातल्या प्रत्येक कामाखाली रेघ मारा आणि अंदाजपत्रकात त्याची ओळ शोधा. निळ्याने उलटं करा. आमच्या एका अर्जात "दर तिमाहीला पालकसभा" असं सुरेख लिहिलं होतं आणि त्यासाठी चहाचेही पैसे धरलेले नव्हते. रेघ मारली म्हणून ते सापडलं.

पैसे हातात कधी पडतात, हेही याच कागदावर मांडा. अनुदान बहुधा हप्त्यांत येतं, आणि दुसरा हप्ता पहिल्याचं यूसी, म्हणजे सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र, दिल्यावर. मधल्या काळात मानधन कशातून देणार? दोन महिन्यांची सोय हाताशी नसेल तर पहिला हप्ता मोठा मागा आणि कारण सरळ सांगा.

५. पाठवल्यावर

पोच घ्या, तीन आठवड्यांनी एक फोन करा. नकार आला तर कारण विचारा, बरेच जण सांगतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक "31 तारखेपर्यंत एवढे खर्च करता येतील का?" असा फोन येऊ शकतो. न खर्चलेल्या रकमेचं काय करायचं याचे नियम कडक आहेत, म्हणून कंपन्यांची वर्षअखेरीस घाई असते. तुम्ही घाई करू नका. तेवढ्या मुदतीत खरोखर होईल असं काम असेल तर घ्या, नाहीतर पुढच्या वर्षाच्या आराखड्यात घ्यायची विनंती करा. एक ते तीन वर्षं चालणारं काम असेल तर त्यांना तो चालू प्रकल्प म्हणून मंजूर करता येतो, हेही सुचवा.

मंजुरी आली की करारावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. एक कलम आवर्जून शोधा: एका हेडमधले पैसे दुसऱ्या हेडमध्ये वळवता येतील का, किती, आणि कुणाच्या परवानगीने. नसेल तर दहा टक्क्यांपर्यंत लेखी कळवून वळवता येईल, असं वाक्य घालून मागा. मी आता त्याशिवाय सही करू देत नाही.