पान ३८ वर गारपीट, पान ४४ वर पोरगी सावरली! कुमार कादंबरीतल्या या चुका टाळा

कुमार वाचकांसाठी दुःख लिहिताना नवे लेखक ज्या चुका करतात, त्या इतक्या ठरलेल्या असतात की संहितेची पहिली दहा पानं वाचली की पुढच्या शंभरांत काय असणार ते सांगता येतं. नाशिकच्या संहितांचं तर गारपीट, गंगेचा (म्हणजे गोदावरीचा) पूर आणि कांद्याचा पडलेला भाव यांच्यावाचून पान हलत नाही. विषयांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती उरकून टाकण्याबद्दल.

तीन पानांत सावरणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक. एका संहितेचं उदाहरण घ्या. लिहिणाऱ्याची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. निफाड तालुक्यातली पंधरा वर्षांची मुलगी, घरची दोन एकर द्राक्षबाग. पान ३८ वर गारपीट. पान ४१ वर वडील आत्महत्येने जातात. पान ४४ वर वर्गशिक्षक घरी येऊन दीड पान भाषण करतात, मुलगी डोळे पुसते आणि पान ५२ वर तिला दहावीला ९२ टक्के पडतात. पुढे नुसते सत्कार. वाचन झालं तेव्हा मोठी माणसं हळहळली. ऐकायला बसलेल्या नववीतल्या एका मुलीने मात्र विचारलं, "मग तिची आई कुठे गेली?" पान ४१ नंतर आई खरोखरच कुठे नव्हती.

याच संहितेत गारपीट होती नोव्हेंबरात, आणि गारांनी झोडपले ते पिकलेले, गोड घड. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की तोडणीला साधारण १२० ते १३० दिवस लागतात, म्हणजे माल येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात किंवा नुकती मणी धरलेली असते. तेव्हाचा अवकाळी पाऊस फुलं गाळतो, कूज आणतो, डाऊनी या बुरशीरोगासाठीच्या फवारण्या वाढवतो. त्याने फोडायला पिकलेला घड जागेवर नसतोच. "वाचकाला काय कळतंय" असं म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की निफाड-दिंडोरीतल्या सातवीच्या पोरालाही हे कळतं, आणि ते पुस्तक तिथेच मिटतं.

आता गारपीट मार्चमध्ये आणा आणि बघा काय होतं. खत, औषधं, मजुरी, सगळा खर्च होऊन गेलेला. व्यापाऱ्याशी भाव ठरलेला; तो गाडी न पाठवता गायब, किंवा आला तर निम्म्याने मागणारा. दोन-तीन दिवसांत बागेत आंबूस वास आणि चिलटं. दहावीचे पेपरही मार्चमध्ये चालूच, म्हणजे बीजगणिताचा पेपर आणि तलाठ्याचा पंचनामा एकाच आठवड्यात. नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली धरलं गेलं तर सरकारी मदत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी चुकत नाही, कारण पुढच्या हंगामाचे घड त्यानंतरच्या नव्या काडीत तयार होतात; हातात दमडी नसताना पुन्हा मजूर लावायचे. बागेचा पैसा दिसणार तो पुढच्या फेब्रुवारीत. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण सरकारी मदतीला 'पात्र' की 'अपात्र' हे समितीपुढे ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. बापाच्या नावापुढे 'अपात्र' हा शब्द पोरीने वाचणं, हे शिक्षकाच्या दीड पान भाषणापेक्षा कितीतरी मोठं प्रकरण आहे. अशी कादंबरी पान ५२ वर संपूच शकत नाही.

उपाय साधा आहे, पण घाईवाल्यांना आवडत नाही. लिहायला बसण्याआधी एका कागदावर आघातानंतरचे बारा महिने मांडायचे. प्रत्येक महिन्यापुढे तीनच गोष्टी: पैसा कुठून आला, घरात कोण होतं, मुलाने काय बिघडवलं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पात्र अजून मेणाचं आहे. सावरणारी मुलं चिडतात, खोटं बोलतात, क्लास बुडवतात, धाकट्याला मारतात, सहामाहीत नापास होतात. प्रसंगाला एक पान पुरे. त्याच्या आधीच्या घराला वीस पानं द्या, नाहीतर काय मोडलं ते कळणार कसं? बाकीचं पुस्तक नंतरच्या बारा महिन्यांचं.

आणि तो भाषण करणारा सर काढून टाका. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचा आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली निभावली. त्यांच्यात सारखं दिसलं ते हे की जवळचं एक तरी मोठं माणूस टिकून होतं. आईबापच असं नाही. कादंबरीत ते माणूस आजी असेल, मावशी असेल, पिंपळगावच्या एसटीचा कंडक्टर असेल. पण ते आघाताच्या आधीच, पंधराव्या पानाच्या आत दिसलं पाहिजे, आणि त्याने उपदेश न करता काहीतरी रोज करत राहिलं पाहिजे: डबा आणणं, संपलेला पास नवा काढून देणं, नुसतं शेजारी बसणं. ऐन वेळी उगवणारा तारणहार हा आळस आहे.

पोराच्या तोंडी म्हाताऱ्याची जीभ

"त्या दिवशी माझं बालपण संपलं." हे वाक्य चौदा वर्षांचं कुणी बोलत नाही, चाळिशीतलं माणूस बोलतं. 'श्यामची आई' १९३३ मध्ये इथल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली. तिथे सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, रात्री आश्रमातल्या मित्रांना मागचं सांगतो आहे, म्हणून त्याला मागे वळून गहिवरायचा हक्क पोचतो. तुमचा निवेदक आज, आत्ता नववीत असेल तर तो हक्क नाही. 'उद्ध्वस्त', 'खचले', 'काळरात्र', 'नियती' हे शब्द लाल पेनाने शोधा आणि प्रत्येकाच्या जागी मुलाला दिसलेली एक वस्तू ठेवा. 'ट्रॉमा' आणि 'डिप्रेशन'ही तसेच. खेड्यातली मुलगी म्हणेल "काही सुचंना", आणि तेवढ्यावर भागतं.

आठवणीचा सिनेमा

तिरप्या अक्षरांतली तीन पानी आठवण, सुरुवात-मध्य-शेवट सगळं शिस्तीत. आघाताची आठवण अशी रांगेत येत नाही. आधी शरीर दचकतं, चित्र मागून येतं, तेही तुकड्यात. गारपीट पाहिलेल्या मुलीला टिपरमधून खडी ओतल्याचा आवाज पुरे. घशाला कोरड पडते, हात आपोआप डोक्यावर जातात आणि वर्गात पोरं हसतात. चार ओळी. तसंच पुढे कधीतरी, पुन्हा चार ओळी.

चोवीस तास रडकं घर

मुलं दुःखाच्या घरातही खेळतात. सुतकात चुलत भावंडं जमली की पाचव्या दिवशी कॅरम निघतो. बुधवारी गंगेवर दशक्रियेला गेलेल्या पोराला बाजूलाच भरलेला बाजार दिसतो, त्याला भेळ खावीशी वाटते, आणि वाटलं म्हणून लाज वाटते. ती लाज लिहा.

बारीकसारीक, पण पुस्तक पाडणाऱ्या

शोक फक्त बागायतदाराच्या मुलाला देऊ नका. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठहून बागांत कामाला आलेल्या मजुराची रोजंदारीही त्याच गारांत जाते, आणि त्याच्या झोपडीपाशी पंचनाम्याला कुणी फिरकत नाही.

नाशिकच्या पुराला 'अचानक' म्हणू नका. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते आधी कळतं, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर गाव अंदाज बांधतं. घाबरण्यापेक्षा वाट पाहणं लिहा.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलीला रात्रभर पोलीस ठाण्यात बसवणारी दृश्यं सर्रास असतात. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला चालेल अशा जागी घ्यायचा असतो. तुमच्या गोष्टीत नियम मोडला जात असेल तर तो मोडला जातोय हे निदान एका पात्राला तरी माहीत असू द्या.

अनाथ झालेलं मूल थेट 'अनाथाश्रमात' पोचवू नका. सांभाळायला कुणीच नसेल तर त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे नेतात.

आत्महत्या लिहायचीच असेल तर पद्धत नको, शेवटची चिठ्ठी नको, "सुटला" हा शब्द तर अजिबात नको. मागे राहिलेल्यांवर राहा. आणि १०९८ (मुलांसाठी) व १४४१६ (मानसिक आरोग्यासाठी) हे मदतीचे क्रमांक पुस्तकाच्या शेवटी ऋणनिर्देशाच्या गर्दीत कोंबू नका. सुरुवातीला, अनुक्रमणिकेच्या समोरच्या पानावर, ठळक अक्षरांत छापायला सांगा.