दाढ काढल्यावर पुन्हा नेहमीचं जेवायला लागताना या चुका टाळा

दहीभाताने कधी कुणाचं वाईट केलंय? अक्कलदाढ काढल्याच्या तिसऱ्या दिवशी मीही असंच म्हणत ताट पुढे ओढलं. भात गुरगुट्या, दही ताजं, आणि मुलगा दोन दिवस पेजेवर आहे म्हणून आईने हौसेने घातलेली फोडणी. दुसऱ्या घासाला काहीतरी बारीक, गोल, कडक त्या खड्ड्यात जाऊन बसलं. मोहरी! मी आरशासमोर उभा राहून काडीने ती काढायला गेलो. मोहरी निघाली नाही, रक्त मात्र आलं.

तर पहिली चूक हीच: मऊ म्हणजे चालतंच, असं धरून चालणं. आपल्या मऊ पदार्थांत काय काय लपलेलं असतं ते आठवून बघा. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट, पोह्यांत मोहरी आणि खोबरं, उपम्यात डाळ, भरल्या वांग्यात तीळ. दाढेच्या जागी पडलेला खड्डा हिरडीने झाकला जायला तीन-चार आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने. तोवर भीती घास कडक असण्याची जेवढी, तेवढीच त्यातल्या कणांची. म्हणून पहिला आठवडा साधं वरण गाळून, मेतकूट-भात, शिजवून कुस्करलेला बटाटा किंवा लाल भोपळा, केळं, मऊ अंडं. फोडणी द्यायचीच असेल तर तूप-हिंगाची.

भूल उतरायच्या आत जेवायला बसणं ही दुसरी. दोन-चार तास ओठ-गाल बधिर असतात. त्यात गाल चावला तरी कळत नाही, गरम चहाने तोंड भाजलं तरी कळत नाही. लहान मुलांकडे तर तेवढा वेळ लक्षच ठेवावं. पहिल्या दिवशी सगळं गार किंवा कोमट. आइस्क्रीम चालतं, पण सुकामेवा घातलेलं नको, आणि कोनमधलंही नको.

आता शहाळं. पाजायला सगळेच आणतात, पण स्ट्रॉ लावून ओढू नका, पेल्यात ओतून प्या. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलेली असते आणि खालच्या हाडाला तेच पांघरूण. ओढण्याने, जोरात चूळ भरण्याने, पचकन थुंकण्याने ती निसटू शकते. बिडी-सिगारेटने धोका आणखी वाढतो. गुठळी गेली की हाड उघडं पडतं. याला डॉक्टर ड्राय सॉकेट म्हणतात. ओळखायची खूण अशी: साधं दुखणं दिवसागणिक उतरतं, हे मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट चढतं, कानापर्यंत ठणकतं, तोंडाला घाण वास येतो. अशा वेळी घरी लवंगेचं तेल चोळत बसू नका, दवाखाना गाठा. तिथे खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात.

पहिले चोवीस तास चूळच नको. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवण झाल्यावर दर वेळी. पाणी तोंडात धरा, मान इकडे-तिकडे कलती करा, आणि बेसिनमध्ये नुसतं पडू द्या. खड्ड्यावर पांढुरका-पिवळसर थर दिसतो तो बहुतेक वेळा पू नसतो, भरून येण्याचाच भाग असतो. तो खरवडू नका. (काडीचा किस्सा वर सांगितलाच आहे.)

नुसते दिवस मोजणं हीसुद्धा चूकच. ‘आठ दिवस झाले ना, खा आता,’ असं घरात कुणीतरी म्हणतंच. सरळ निघालेली वरची दाढ आणि हाड कापून काढलेली खालची, यांचे आठ दिवस सारखे कसे? मी पाहिलं ते असं: तोंड तीन बोटं मावतील इतकं उघडतंय का, आणि पोळीचा दुधात भिजवलेला तुकडा दुसऱ्या बाजूने चावला तर जबडा दुखतो का. दोन बोटंच मावत असतील तर खिमटावरच थांबायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्यामुळे तेव्हा जबडा आखडला म्हणून घाबरायला नको. आठवड्यानंतरही उघडत नसेल तर मात्र दाखवावं.

याच्या उलटही लोक करतात: भीतीपोटी पंधरा दिवस नुसत्या दूध-बिस्किटांवर. बिस्किटाचा लगदा दाढांवर चिकटून बसतो, पोट भरत नाही, आणि रिकाम्या पोटी दुखण्याच्या गोळ्या घेतल्या की जळजळ वेगळीच. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर खाण्याचं आणि गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच. ती गोळी मनाने बंद करायची नाही.

मोहरी शेवटी दवाखान्यातच निघाली, पाण्याच्या एका पिचकारीने. एक नव्हे, दोन होत्या. भाकरी मी बाराव्या दिवशी खाल्ली, आमटीत कुस्करून. कडक पापुद्रा भावाने खाल्ला. चिवड्याचा डबा महिनाभर वरच्या फळीवरच होता.