अंगणातला वाढदिवस : ऊन, वारा आणि थीमच्या या चुका टाळा

लेकराचा वाढदिवस हॉलमध्ये न करता अंगणात, गच्चीवर किंवा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर करायचा आणि सजावटही घरीच करायची असं ठरवलं असेल, तर फार चांगलं ठरवलंय. हॉलमध्ये लेकरं खुर्चीवर बसून केकची वाट बघतात, मोकळ्यात ती खेळतात. पण मराठवाड्यात उघड्यावरचा कार्यक्रम बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. आधी थीम ठरते, सामान येतं, आणि ऊन-वारा अगदी शेवटी आठवतात. आधी वेळ, मग जागा आणि त्यानंतर थीम, असा क्रम ठेवला तर पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

फोटो बघून वेळ ठरवणं

मोबाइलवर जी पार्टी आवडते ती बहुधा थंड हवेतल्या हिरवळीवरची असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीचा स्लॅब संध्याकाळी पाचलाही अनवाणी उभं राहू देत नाही. उन्हाळ्यातल्या वाढदिवसाला दोनच वेळा धरा : सकाळी ७ ते ९.३० किंवा संध्याकाळी ६ नंतर. सकाळची वेळ पाहुण्यांना वेगळी वाटेल, पण लहान लेकरांसाठी तीच उत्तम. लेकरं ताजी असतात, वारा कमी असतो आणि गरम उपम्याबरोबर केकही मजेत खाल्ला जातो.

हिवाळ्यात चूक उलटी होते. उन्हाळ्याच्या सवयीने निमंत्रण ‘सायंकाळी ६’चं जातं आणि डिसेंबरात तोवर सूर्य मावळलेला असतो. आठवडाभर खपून केलेली सजावट अंधारात दिसत नाही आणि थंडीत कुडकुडणारी लेकरं आयांना चिकटून बसतात. नोव्हेंबर ते जानेवारी दुपारी ३ ला सुरू करा आणि दिवसाउजेडी केक कापा.

मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारपिटीचा भरवसा नाही, जून ते सप्टेंबर तर पाऊसच. म्हणून ओसरी किंवा पत्र्याचं शेड हाताशी असेल अशीच जागा निवडा. सजावट भिंतीभर न चिकटवता एका बांबूच्या चौकटीवर बांधा. आभाळ भरून आलं की दोघांनी चौकट उचलायची आणि आत न्यायची. क्रेप कागदाच्या झिरमिळ्या मात्र चौकटीवरही टाळा. चार थेंब पडले तरी त्यांचा रंग सुटतो आणि लेकरांच्या कपड्यांवर उतरतो.

जवळचं सोडून लांबची थीम निवडणं

बर्फाचा महाल ही थीम मे महिन्यात परभणीत उभी करायची म्हणजे थर्माकोल आणि चमकी यांच्यावर सगळी भिस्त. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून तर देशभर सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे आणि प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे हे सगळंच बंद आहे. दुकानात अजूनही दिसतं म्हणून घेऊ नका.

त्यापेक्षा घराच्या आसपास काय आहे ते बघा. गुलाबी रंगाचा हट्ट असेल तर पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात येणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची थीम करा : पुठ्ठ्याचे पक्षी, तुराट्यांचे (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे) लांब पाय, खाली निळी साडी पसरली की जलाशय तयार. मोर आवडत असेल तर बीड जिल्ह्यातलं नायगाव मयूर अभयारण्य आहे. आणि किल्ल्याच्या थीमला देवगिरीशिवाय दुसरं काही शोधायची गरजच नाही. खंदक, मेंढा तोफ, चांदमिनार आणि सगळ्यात भारी म्हणजे अंधारी, किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट. दोन ओळींत बाजा (खाटा) उभ्या करून पक्क्या बांधा, वरून घोंगड्या टाका, दोन्ही तोंडं मोकळी ठेवा. अंधारीतून पलीकडे निघालेल्या लेकराला मावळ्याचा टिळा लावा. हा खेळ एकदा सुरू झाला की संपवावा लागतो, आपणहून संपत नाही. उन्हाळ्यात घोंगड्यांऐवजी सुती चादरी घ्या, नाहीतर आत फार कोंडतं.

सामानाचंही तसंच. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्यांना चुना लावला की पांढऱ्या फांद्यांचं जंगल उभं राहतं. सुपं, टोपली, रांजण, आजीची जुनी लुगडी यांना बाजारातली कुठलीच सजावट पुरी पडत नाही. एक काळजी मात्र घ्या. फवारणीच्या औषधांचे डबे, बाटल्या किंवा त्यांची पोती कितीही धुतली तरी सजावटीला वापरू नका. लेकरांचे हात त्यांना लागतात आणि तेच हात तोंडात जातात.

फुगे फुटतात, सुरकुततात, फिके पडतात

सगळ्यात जास्त हिरमोड इथेच होतो. सावलीत गच्च भरलेला फुगा उन्हात नेला की आतली हवा प्रसरण पावते आणि फुगा फुटतो. त्यात काळा, गडद निळा, लाल असे रंग उष्णता जास्त शोषतात, म्हणून ते आधी जातात. उन्हाने रबराची चकाकीही जाते आणि फुगा मळकट दिसू लागतो.

उपाय सोपे आहेत. १२ इंचांचा फुगा ९-१० इंचांपर्यंतच फुगवा. हाताला थोडा मऊ लागला पाहिजे. फिके रंग घ्या. कार्यक्रम दुपारनंतर असेल तर फुग्यांची कमान घराच्या पूर्वेच्या भिंतीला बाहेरून, म्हणजे तेव्हा सावली येते तिथे लावा. आदल्या रात्री फुगवून ठेवू नका, कार्यक्रमाच्या दोन तास आधी पंपाने फुगवा. जवळ बाभूळ, बोर किंवा वाळलेलं गवत असेल तर फुगे जमिनीलगत बांधू नका. कुसळ पुरेसं असतं. कमान लावल्यावरही फटाफट फुटायला लागले, तर उरलेल्यांतली थोडी हवा सोडत बसण्यापेक्षा कमान सावलीत हलवा आणि फुटलेल्या जागी आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या डहाळ्या खोचा. पानं आणि फुगे एकत्र जास्त छान दिसतात.

आता उडणाऱ्या फुग्यांबद्दल. जत्रेत, बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या उडत्या फुग्यांत अनेकदा हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो. केकच्या मेणबत्तीजवळ असा फुगा आला तर भडका उडून चेहरे भाजतात. ते आणूच नका. चंदेरी पन्नीचे फुगेही गच्चीवर मोकळे सोडू नका. पन्नी विजेची वाहक असते आणि आपल्याकडे गच्चीजवळून जाणाऱ्या तारा काही कमी नाहीत. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा लहान लेकराच्या घशात अडकून श्वास कोंडू शकतो, म्हणून तुकडे लगेच वेचायचं काम एका मोठ्या माणसाकडे सोपवा.

वाऱ्याला अडवायला जाणं

केकमागचा पडदा सपाट, मोठा आणि चारही कोपऱ्यांत ताणून बांधला की त्याचं शीड होतं आणि पहिल्याच झुळकीत चौकटीसह केकवर येतं. पडदा अखंड लावूच नका. जुन्या साड्यांच्या उभ्या पट्ट्या करून सोडा, वारा मधून निघून जातो आणि पट्ट्या हलताना छान दिसतात. चौकटीच्या पायाशी वाळूची पोती ठेवा, विटा घसरतात. सेलोटेप धुळीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला धरत नाही. सुतळी आणि खिळा हेच खरं. पताका दोऱ्यावर नुसत्या चिकटवण्याऐवजी दुमडून शिवा. कागदी ताटल्या, नॅपकिन यांवर वजन म्हणून गुळगुळीत दगड रंगवून ठेवा, थीमही जुळते.

आगीचा विचार न करणं

कडबा, पऱ्हाट्या, कापूस, साड्या : घरगुती सजावटीतली प्रत्येक सुंदर गोष्ट लवकर पेटणारी आहे. म्हणून केकचं टेबल सजावटीपासून चार-पाच हात पुढे घ्या आणि पाण्याची बादली टेबलाखाली भरून ठेवा. कडब्याची गंजी जवळ असेल तर फुलबाजी नको. फेसाचा फवारा तर कुठेच नको. अशा बऱ्याच डब्यांत ज्वालाग्राही वायू असतो, आणि नेमका मेणबत्ती विझवतानाच तो लेकराच्या तोंडावर मारायची पद्धत पडली आहे.

आखाड्यावर गेल्यावर आधी केक मांडणं

शेतात कार्यक्रम असेल तर सजावटीच्याही आधी शेततळं आणि विहीर बघा. शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की तो इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही काठावर चढता येत नाही. कुंपण असलं तरी फाटक बंद आहे ना, हे स्वतः बघा. त्या बाजूला लेकरांचा कुठलाही खेळ ठेवू नका, आणि एक जबाबदार माणूस पूर्ण वेळ तिथेच बसवा. त्याला दुसरं काम देऊ नका, फोटो काढायचंही नाही.

झाडावर आग्यामोहोळ आहे का, ते आदल्या दिवशी बघा. असेल तर जागा बदला. धूर आणि स्पीकर मधमाश्यांना चवताळवतात. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. लेकरांना पायात बूट घालूनच आणा आणि अंधार पडण्याआधी परत निघा.

शेतीपंपाची वीज ठरलेल्या वेळापत्रकाने येते, तेव्हा रोषणाईची भिस्त तिच्यावर ठेवू नका. बॅटरीवरचे दिवे आणि एक चार्ज केलेला स्पीकर पुरतो. पावसाळ्यात दिवे पिवळे लावा आणि जेवणापासून दूर टांगा. पांढऱ्या दिव्यावर पाखरं जास्त येतात आणि पुढे ती ताटात पडतात.

केक आणि खाऊ

क्रीमचा उंच केक ४० अंशांत टेबलावर मांडून पाहुण्यांची वाट बघणं ही हमखास चूक. लोणी ३५ अंशांच्या आसपास वितळतं, मग फुलं घसरणारच. केक शेवटच्या क्षणी बाहेर काढा, किंवा क्रीम नसलेला रव्याचा केक करून त्यावर केशर आंब्याच्या फोडी लावा. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर दूध, क्रीम, पनीर घातलेलं काहीही तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. खाऊला चुरमुऱ्यांचा सुशीला, धपाटे, कैरीचं पन्हं, जालन्याच्या मोसंबीचा रस असं ठेवा. धपाटे उन्हात टिकतात आणि हे सगळं लेकरांना आवडतं.

खेळात पाण्याचे फुगे नकोत. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात ऐन उन्हाळ्यात पाणी उडवणं शोभत नाही. त्याऐवजी अंधारीचा खेळ अजून दोनदा घ्या.

निघताना फुग्यांचे तुकडे, पन्नी आणि सुतळी वेचून घ्या, विशेषतः गोठ्याकडची. गायी-शेळ्या ते कडब्याबरोबर खातात आणि ते पोटात अडकतं. चमकी वापरली असेल तर ती मातीतून वेचता येत नाही, म्हणून पुढच्या वेळी रंगीत तांदूळ घ्या, चिमण्या दुसऱ्या दिवशी टिपून नेतील.