बुलेटवर मिरवायचं लेदर जॅकेट: पैसे नेमके कुठे वाया जातात

माझं पहिलं 'व्हिंटेज' लेदर जॅकेट दुसऱ्या पावसाळ्यात कात टाकायला लागलं. आधी कॉलर सोलली, मग कोपर, आणि मग ऑफिसच्या खुर्चीवर रोज काळ्या पापुद्र्यांचा सडा. साडेपाच हजार मोजले होते आणि आत 'जेन्युइन लेदर' असा झोकदार शिक्का होता. त्यानंतर मित्रांसोबत बरीच जॅकेटं चाचपून, घालून आणि दोनदा परत करून पाहिली. लोक फसतात ते बहुतेक ठरलेल्या जागीच.

पहिली जागा तो शिक्का. 'जेन्युइन लेदर' म्हणजे उत्तम चामडं नव्हे. खाली चामड्याचा चिरून काढलेला हलका थर आणि वर प्लास्टिकचा जाड थर असला, तरी हा शिक्का बसतो. बाँडेड लेदर तर चामड्याचा भुगा रसायनात कालवून कापडावर थापलेलं असतं. वरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो, आणि मुंबई-कोकणात दमट हवेला काय तोटा? सोलायला लागलेल्या जॅकेटावर इलाज नाही. रंग लावा, क्रीम लावा, पापुद्रे सुटतच राहतात.

दुकानदार लायटर पेटवून ज्योत फिरवतो, त्या जादूवर जाऊ नका. ज्योत झटकन फिरवली तर रेक्झिनही लगेच पेट घेत नाही. त्यापेक्षा आतल्या खिशाची कापलेली कड शोधा. अस्सल चामड्यात धागेदोरे गुंतल्यासारखे तंतू दिसतात, नकलीत कापडाची वीण. अंगठ्याने दाबलं की चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरल्या पाहिजेत. नुसता खड्डा पडला तर नमस्कार करून बाहेर या.

दुसरी चूक मऊपणाला भुलण्याची. मेंढीचं पातळ चामडं हाताला लोण्यासारखं लागतं. लग्नाला, पार्टीला घाला, हरकत नाही. पण डांबरावर घसरलात तर मिलिमीटरपेक्षा पातळ चामडं फाटायला फार वेळ लागत नाही. गाडीसाठी साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाडी हवी. असं जॅकेट नवं असताना कडक आणि जड वाटतं, पहिले काही महिने तुम्ही त्यात लाकडी बाहुलीसारखे चालता. चालू द्या. म्हशीचं चामडं जाड आणि खरबरीत असतं, म्हणून लोक नाक मुरडतात. रायडिंगला मला ते आवडतं.

आता मापाचा विषय, कारण सगळ्यात जास्त जॅकेटं इथेच वाया जातात. आपण आरशासमोर ताठ उभं राहून माप बघतो. पण या बाइकर जॅकेटाचा मूळ कट उभ्या माणसासाठी नव्हताच. न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी १९२८ मध्ये आपल्या आवडत्या सिगारच्या नावावरून 'परफेक्टो' जॅकेट काढलं, तेव्हा ते साडेपाच डॉलरला विकलं जायचं. कंबरेशी संपणारी लांबी, तिरकी चेन, छातीवर एकमेकांवर येणारे पल्ले, हे सगळं हँडलवर वाकलेल्या माणसासाठी होतं. वाकल्यावर चेन पोटात रुतत नाही आणि दुहेरी पल्ल्यामुळे वारा आत घुसत नाही. त्यामुळे 'आखूड वाटतंय' म्हणून एक साइज मोठं घेऊ नका. मोठं घेतलं तर खांदे लोंबतात आणि कोपरावरचं आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, मनगटाकडे सरकतं.

शक्य असेल तर दुकानाबाहेर आपल्याच गाडीवर बसून पाहा. नाहीतर खुर्चीवर उलटं बसा, हात हँडलवर असल्यासारखे पुढे करा. बाही मनगटाच्या वर चढायला नको, पाठ उघडी पडायला नको, काखेत शिवण ताणायला नको. चामडं वापराने रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. छातीला जरा घट्ट असलं तर चालेल, बाही आखूड असेल तर नाही. आणि हो, बक्कलचा पट्टा लोंबता ठेवलात तर टाकीच्या रंगाची वाट लागते.

आर्मरबद्दल थोडक्यात. जुन्या धर्तीच्या बऱ्याच जॅकेटांत त्यासाठी खिसेच नसतात, आणि काही ठिकाणी स्पंजचा तुकडा घालून 'प्रोटेक्शन आहे' म्हणतात. खांद्या-कोपराच्या पॅडवर ईएन (युरोपीय मानक) १६२१-१ आणि पाठीच्या पॅडवर ईएन १६२१-२ छापलेलं असलं पाहिजे. संपूर्ण जॅकेटासाठी ईएन १७०९२ हे मानक आहे, त्यात एएए सगळ्यात वरचा वर्ग. खिसे नसलेलं जॅकेट आवडलंच असेल, तर आतून घालायचा आर्मर शर्ट मिळतो. मात्र जॅकेटाचं माप तो शर्ट अंगात घालूनच घ्या.

'डिस्ट्रेस्ड', म्हणजे मुद्दाम जुनाट केलेल्या फिनिशला जास्तीचे पैसे देणं मला तरी पटत नाही. पॉलिश पेपरने घासून वरचा टिकाऊ पृष्ठभागच झिजवलेला असतो. खरं जुनेपण वेगळ्या मार्गाने येतं. काही चामडी आतून तपकिरी ठेवून वरून काळी रंगवतात, त्यांना 'टी-कोअर' म्हणतात. वापराने काळा रंग कोपरा-खिशाशी उडतो आणि खालचा चहासारखा रंग दिसायला लागतो.

परदेशी की देशी? शॉटचं परफेक्टो आज हजार डॉलरच्या घरात आहे. लंडनच्या लुईस लेदर्स कंपनीचं जॅकेटही स्वस्त नाही. त्यावर कुरिअर, कस्टम ड्युटी, आणि माप चुकलं तर परत पाठवण्याचा भुर्दंड. जॅकेट उत्तम, पण मुंबई-पुण्याच्या हवेत वर्षातले किती महिने ते अंगावर राहणार? धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडवर लेदरची दुकानं आहेत. चांगला कारागीर गाठून मापानं शिवून घेतलं तर माझ्या मते पैशाचं चीज तिथे जास्त होतं. मात्र चामडं स्वतः निवडा, चौरस फुटाचा भाव विचारा, ताणाच्या जागी दुहेरी शिवण मागा, आर्मरचे खिसे आधीच सांगा आणि चेन चांगल्या कंपनीची, धातूची घ्यायला लावा. चेनवर चारशे रुपये वाचवलेलं जॅकेट मी दोन वर्षं अर्धं उघडं घालून फिरलोय.

एप्रिल-मेमध्ये सिग्नलला उभं राहणं हाच तुमचा रोजचा प्रवास असेल, तर लेदर नकोच. मेश, म्हणजे जाळीच्या कापडाचं जॅकेट घ्या.

घेतल्यानंतरच्या तक्रारी पावसाळ्यात सुरू होतात. पांढरी बुरशी दिसली तर जॅकेट बाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसा, सावलीत वाऱ्यावर ठेवा, मगच लेदर कंडिशनरचा पातळ हात द्या. खोबरेल तेल लावू नका. चामडं ढिलं पडतं, खवट वास येतो आणि धूळ चिकटते. भिजलं तर हेअर ड्रायर किंवा इस्त्री नको, रुंद खांद्याच्या हँगरवर पंख्याखाली दोन दिवस टांगा. प्लॅस्टिकच्या कव्हरऐवजी जुनी सुती चादर पुरते. चेन अडकत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा. रनर पुढे जातो पण मागे चेन उघडीच राहते, असं झालं तर रनरच्या दोन्ही बाजू पक्कडीने अगदी हलक्या दाबा. जोर लावलात तर रनर तुटतो आणि मग बॅग दुरुस्तीवाल्याकडे जाऊन अख्खी चेन बदलावी लागते.