नेच्याची नवी प्रजाती जाहीर करण्याआधी या चुका टाळा

पावसाळ्यात सह्याद्रीत पुस्तकातल्या कुठल्याच वर्णनाशी न जुळणारा नेचा (फर्न) हमखास दिसतो. बहुतेक वेळा तो नवा नसतो.

पहिली चूक म्हणजे पानाच्या आकारावर भिस्त ठेवणं. कोवळ्या रोपाचं पान, सावलीतलं पान आणि उन्हातलं पान एकाच प्रजातीत अगदी वेगळं दिसू शकतं. आधी मूलस्तंभावरचे (जमिनीलगतच्या खोडावरचे) आणि देठाच्या बुडाशी असलेले शल्क, म्हणजे खवल्यांसारखे पापुद्रे, पाहा: रंग, कडा, टोक. मग शिरा मोकळ्या आहेत की जाळीदार, आणि बीजाणुधानींचे (बीजाणू, म्हणजे प्रजननाचे सूक्ष्म कण, असलेल्या पिशव्यांचे) पुंज शिरेवर नेमके कुठे आहेत, ते तपासा. पुंजावरचं पातळ आवरण पिकल्यावर आक्रसतं किंवा गळतं. फक्त पिकलेलं पान पाहून 'आवरण नाही' असं लिहिलंत, तर वनस्पती चुकीच्या वंशात जाते. म्हणून कोवळे आणि पिकलेले, दोन्ही पुंज पाहावेत.

नुसतं पान तोडून आणलेला नमुना जवळजवळ निरुपयोगी. मूलस्तंभाचा तुकडा हवाच, पण रोपं मोजकी असतील तर वाढतं टोक जमिनीतच राहू द्या. दाबताना निदान एक पान उलटं ठेवा, म्हणजे पुंज दिसतील.

सगळ्यात महागात पडते ती बीजाणू न तपासण्याची चूक. तपकिरी झालेला, पण न फुटलेला पुंज काचपट्टीवर घ्या, ग्लिसरीनचा थेंब टाका आणि ४०० पट मोठं करून पाहा. बीजाणू सुरकुतलेले, लहानमोठे, वेडेवाकडे दिसले तर तो बहुधा संकर आहे. कच्चे बीजाणूही असेच दिसतात, म्हणून तीन-चार रोपं तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. एका बीजाणुधानीतले बीजाणूही मोजा: बहुतेक नेच्यांत ६४ असतात, ३२ चांगले बीजाणू मिळाले तर फलनाविना प्रजनन करणारा प्रकार असण्याची शक्यता मोठी. डीएनएवर सगळं सोपवू नका. हरितलवकातला जनुक सहसा एकाच पालकाकडून येतो, त्यामुळे संकर त्यात लपून राहतो.

नाव ठेवण्याआधी जुने टाइप नमुने, म्हणजे ज्यांच्यावर आधीची नावं आधारलेली आहेत ते नमुने, बघा. एकोणिसाव्या शतकात ठेवलेलं आणि पुढे पर्यायी नाव म्हणून बाजूला पडलेलं एखादं नाव तुमच्याच नेच्याचं असू शकतं. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय शोध लिहायलाच घेऊ नये.

प्रकाशनाचे नियम काटेकोर आहेत. वर्णन किंवा वेगळेपण सांगणारी टीप लॅटिन किंवा इंग्रजीतच लागते. फक्त मराठीत वर्णन केलेलं नाव वैध ठरत नाही. २०१२ पासून ऑनलाइन प्रकाशन चालतं, पण आयएसएसएन किंवा आयएसबीएन (नियतकालिकाचा किंवा पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) असलेल्या पीडीएफमध्येच. होलोटाइप (नव्या नावाचा अधिकृत आधार असलेला एकमेव नमुना) कोणता आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात) ठेवला आहे, हे स्पष्ट लिहा. जूनचं वांझ पान आणि सप्टेंबरचं पुंजधारी पान मिळून एक होलोटाइप होत नाही. तो एकाच वेळी, एकाच ठिकाणी गोळा केलेला हवा. त्याच संकलनातले जादा नमुने दुसऱ्या एक-दोन हर्बेरियमना पाठवा.