हॉट टबमध्ये उतरताय? या चुका टाळा

हुरड्याच्या दिवसांत सोलापूरच्या आसपासच्या फार्महाउसवर आता गुळभेंडी हुरडा आणि शेंगाचटणीच्या जोडीला गरम पाण्याचा टबही असतो. गेल्या जानेवारीत आम्हीही गेलो. तिसऱ्या दिवशी भाच्याच्या कमरेवर, नेमक्या चड्डीच्या जागी, लाल पुटकुळ्या उठल्या. घरात सगळे म्हणाले, घामोळं. त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "टबात बसला होतास का?" स्यूडोमोनास नावाचे जिवाणू केसांच्या मुळांशी शिरतात, आणि ओली चड्डी तासभर अंगावर ठेवली की त्यांचं फावतं. त्याने नेमकं तेच केलं होतं. बाहेर आल्यावर लगेच कपडे बदला, साबणाने अंघोळ करा.

खरी चूक त्याआधीची. पाणी नितळ दिसतंय म्हणून आम्ही उतरलो. गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडून जातं, आणि घाम, तेल, साबण त्याला आणखी खाऊन टाकतात. म्हणून उतरण्याआधीही अंघोळ हवी. क्लोरीनचा उग्र वास आला की लोकांना स्वच्छतेची खात्री वाटते; तो वास बहुतेकदा घामाशी संयोग झालेल्या, म्हणजे वापरून गेलेल्या क्लोरीनचा असतो. मोकळं क्लोरीन निदान ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत तीन भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचं माप, ७ ते ७.८ हवा. तपासायची पट्टी स्वस्त मिळते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड; पीएच चढला की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही. त्यात नळ काही दिवसांआड, टँकर महाग, मग टबाचं पाणी कोण बदलतंय? भिंत बुळबुळीत लागली किंवा फेस बसत नसेल तर सरळ परत फिरा.

बुडबुड्यांबरोबर जे बारीक तुषार उडतात, त्यांतून न्यूमोनिया करणारा लेजिओनेला हा जिवाणू फुप्फुसांत जाऊ शकतो. फिलाडेल्फियातल्या १९७६ च्या साथीनंतर तो ओळखला गेला. पन्नाशीपुढच्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी जपावं. पुढच्या दोन आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना टबाचं आठवणीने सांगा.

पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, बसणं पंधरा मिनिटांच्या आत. "थंडी आहे, बसू अजून" म्हणणारा पाहुणा उठताना भोवंडतो, कारण रक्तदाब उतरलेला असतो. दारू पिऊन तर अजिबात नको. गरोदर बाई, हृदयरोग किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. लांब केस बांधा, पाणी ओढणाऱ्या जाळीपासून दूर बसा. मुलांना एकटं सोडू नका.

यंदा त्याच शेतावर गेलो, तेव्हा खिशात पट्टी होती. बुडवली, क्लोरीनच्या चौकोनाला रंगच चढला नाही. मुलं खट्टू झाली. मग आगटीभोवतीच बसलो, आणि हुरडा जरा जास्तच झाला.